भिवाच्या पायाची खरी हकीकत

भिवा गेल्याचं कळलं तेव्हा मी बेल्ह्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याला एका बैलाबद्दल धडधडीत खोटं सांगत होतो. बैल माझा नव्हताच. पण बाजारात उभा राहिलो की मला राहवत नाही. बैल ऐन पुरात नदी पोहून पलीकडे निघालाय, गाडीसकट, अशा ठिकाणी गोष्ट आली होती आणि खिशातला मोबाईल वाजला. भिवाचा थोरला मुलगा होता. "काका, दादा गेलं. चहा पीत व्हतं… मान टाकली." मी फोन खिशात ठेवला. व्यापारी म्हणाला, "मग पुढं, पावणं? बैल पोचला का पल्याड?" मी म्हणालो, "बुडाला." आणि चालायला लागलो. माझी अर्ध्यात राहिलेली गोष्ट आयुष्यात ही एकच.

भिवा आणि मी एका आळीतले. त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. त्याच्या वेळेपर्यंत ते फिरणं थांबलं होतं, पण ऐंशी मेंढरं त्यानं राखली होती. मी सांगताना तीनशे सांगायचो, आणि तो शेजारी बसून "त्यात कोकरं धरली न्हाईत" अशी पुस्ती जोडायचा. मला असा साथीदार परत मिळायचा नाही. त्याच्या हातात एक विद्या होती. मेंढराचा पाय मोडला की तो बांबूच्या कामट्या, लोकर आणि अंड्याचा पांढरा बलक घेऊन बसायचा आणि एकवीस दिवसांत मेंढरू कळपामागे पळायला लावायचा. लांबून लांबून लोक शेळ्या उचलून आणायचे. महाळुंगे पडवळच्या एका माणसानं तर कोंबडी आणली होती, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बाजारात टेम्पोतून मेंढरं उतरवताना भिवा मागच्या फाळक्यावरून घसरला आणि उजव्या कुशीवर पडला. उठता येईना. पाय बाहेरच्या अंगाला वळलेला, आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. त्याच टेम्पोत गवत अंथरून आम्ही त्याला मंचरला एका हाडांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, शांत बोलायचा. एक्स-रेची प्लेट त्यानं खिडकीला धरली आणि बोट ठेवून दाखवलं, मांडीचं हाड खुब्यात जिथं अडकतं तिथली मान मोडली आहे. भिवा म्हणाला, "बांधून न्हाई का बसायचं, साहेब? मी मेंढरांचे बांधतो." डॉक्टर हसला नाही. त्यानं विचारलं, "मेंढराची नळी मोडली तर बांधता. खुब्यात मोडलं तर?" भिवानं प्लेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते उठत न्हाई. आमी ते कापतो." डॉक्टर म्हणाला, तिथं रक्त पोचत नाही म्हणून हाड जुळत नाही. वरचा गोळा काढून धातूचा बसवू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करू. भिवानं मान हलवली. इतक्या सरळपणे त्याला कुणी काही पटवून दिलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

मग तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, साखर, छातीचा फोटो, हृदयाचा कागद. रक्ताची एक बाटली हाताशी ठेवायची म्हणून लॅबवाल्यानं थोरल्याचं आणि माझं रक्त तपासलं. थोरल्याचा गट वेगळा निघाला, माझा जुळला. "काका, सकाळी आठला या. काही नसतं, पंधरा मिनिटं," तो म्हणाला. भिवाला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. भूल देताना पोटात अन्न असलं तर ते उलटून फुप्फुसात जातं, हे नर्सबाईंनी त्याला समजावलं होतं आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होता.

सकाळी मी साडेआठला गेलो. पण लॅबकडे न जाता वॉर्डात गेलो. सहा खाटा, सहा पेशंट, त्यांची माणसं. भिवा हिरवा झगा घालून बसला होता, तोंड सुकलेलं. म्हणाला, "काय तरी सांग राव. भ्या वाटतंय." आणि मी सांगितलं. आहुप्याकडच्या एका पावण्याच्या खुब्यात असाच गोळा बसवला. तेव्हापासून पिठाच्या गिरणीवरून गेला की पाय गिरणीकडे ओढला जातो, एसटी आली की गडी आपोआप रस्त्यावर. पावसाळ्यात वीज कडाडली की बायको त्याला गोठ्यात निजवते, घर पेटू नये म्हणून. वॉर्ड हसायला लागला. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी टाके दुखतात म्हणून मांडी धरून हसत होती. माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं, मी थांबेना. म्हणालो, आणि कमरेत ती भुलीची सुई दिली ना, तेव्हापासून कमरेखालचं त्याला काही कळत नाही, मुंगळा चावला तरी बायकोनं सांगावं लागतं… आणि तू एवढ्या मेंढरांचे पाय जोडलेस, आणि तुझा स्वतःचा पाय कापायला देतोस?

सगळे हसत होते. भिवा हसत नव्हता. म्हणाला, "मला घरी घेऊन चल."

असा पावणा आहुप्याला कधी नव्हता. आणि मी हे नुसतं हसवायला सांगितलं, असंही नाही. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून. आदल्या दिवशी बोटाला टोचलं तेव्हाच डोळ्यांपुढे अंधारी आली होती, आणि रात्रभर ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर घागरीएवढी होत गेली. ऑपरेशन लांबलं तर बाटली टळेल, एवढंच माझ्या मनात होतं. दोन दिवस लांबेल, मग थोरल्याचा मेहुणा येईल, त्याचं घेतील… असा माझा हिशेब. डॉक्टरनं तासभर समजावलं. मी दाराशी उभा होतो. एक शब्द, "अरे, थापा मारत होतो," एवढाच लागत होता. तो मला निघाला नाही. भिवानं आपल्या जबाबदारीवर जातो म्हणून कागदावर सही केली आणि दहाच्या आत आम्ही टेम्पोत होतो.

घरी त्यानं स्वतःच्या हातानं कामट्या बांधून घेतल्या. तीन महिने पडून राहिला. जे मेंढराचं होतं तेच झालं, फक्त त्याला कुणी कापलं नाही. पाय दोन इंच आखूड, वळलेला, काठीशिवाय पाऊल नाही, आणि पावलागणिक कळ. कळपामागे चालणं संपलं तसा त्यानं कळप विकला. बाजारात तो गेला नाही, मी गेलो. गावात विचारायचे तेव्हा मी सांगायचो, "डॉक्टरच नको म्हणाला." भिवा शेजारी बसलेला असायचा. त्यानं त्यात पुस्ती जोडली नाही आणि खोडलंही नाही.

पुढची दहा-बारा वर्षं कुणी घसरलं, पडलं की भिवा काठी टेकत त्याच्या दारात. आधी प्लेट काढा. साखर आहे का बघा. रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगा, लपवू नका. उपाशी म्हटलं तर उपाशी, पाण्याचा घोटही न्हाई. दुसऱ्या दिवशी उभं करतील तेव्हा रडा, पण उभं ऱ्हावा. आणि शेवटी माझ्याकडे काठी करून, "आन् ह्याला संगट न्हेऊ नका." लोक खो-खो हसायचे. मीही.

दशक्रियेला घाटावर मांडव होता. आमच्याकडे त्या दिवशी माईकवर चार माणसं बोलतात, आणि माझं नाव तर आधीच ठरलेलं. माईक हातात आला तेव्हा खरं बोलायचं मी ठरवलं होतं, देवाशपथ. समोर हजारभर माणसं… तीनशे असतील. "भिवा माझा…" म्हणालो आणि समोर सगळे असे आशेनं बघायला लागले की मी कोंबडीची गोष्ट सांगितली. रडता रडता मांडव हसला. मागून कुणी म्हणालं, "असा मैतर पायजे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी भिवाच्या घरी गेलो. सगुणावहिनी एकट्याच होत्या, लसूण सोलत बसलेल्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाटली, सुई, आहुपे, दारातलं गप्प राहणं. कुठेही वाढवलं नाही. त्यांनी हात थांबवला नाही.

"रक्ताचं ठाव व्हतं आमाला," त्या म्हणाल्या. "तुमी यायच्या आदी लॅबवाला वॉर्डात इचारत आला व्हता, काका कुठं ऱ्हायलं म्हणून. ह्यांनी तवाच वळखलं."

"मग तो माझं ऐकून घरी का आला?"

"भ्यालं व्हतं ते. तुमी सांगितलं म्हणून न्हाय, तुमी पळाला म्हणून. म्हणलं, माजा मैतर इतका भितोय, म्हंजी काय तरी आसंल."

"चुकलं वहिनी," एवढं म्हणालो.

"हे माईकवर बोलायचं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या. "त्या डाक्टराला आजून लोक नावं ठिवत्यात." आणि बोटानं खाटेकडे दाखवलं. "बसा. च्या ठेवते."

म्हणून हे पेपरच्या पुरवणीत लिहितो आहे. डॉक्टर नको म्हणाला नव्हता. मांडवातली माणसं वाचतील तेवढी वाचतील.

त्या दिवशी मी भिवाच्या खाटेवर बसलो. खुबा वाकत नसल्यानं त्याला खाली बसता यायचं नाही, म्हणून खाटेच्या चारी पायांखाली विटा लावलेल्या. त्या अजून कुणी काढलेल्या नाहीत. टेकून बसलो तेव्हा माझे दोन्ही धड पाय जमिनीला लागेनात. चहा येईपर्यंत ते तसेच लोंबत होते.