वाहती बादली

आमच्या भागात टाकी वाहायला लागली की माणूस ताटावरून उठून मोटर बंद करतो. ठिबकभाऊ मात्र बादली वाहतेय ना, हे बघूनच ताटावर बसायचे.

निरगुडसरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत पिकांवरच्या औषधांचा माशांवर काय परिणाम होतो, ते तपासलं जाई. मी तिथला प्रमुख. ठिबकभाऊ राजुरीचे, शेतात ठिबकच्या नळ्या जोडणारे; आमच्याकडे मदतनीस म्हणून आले आणि हे नाव घेऊनच आले. काचेच्या टाकीत सकाळी घातलेलं औषध संध्याकाळपर्यंत फार थोडं उरे. काही काचेला चिकटे, काही उडून जाई. "सकाळी इख आन् सांच्याला नुसतं पाणी," ते म्हणाले, "मग साहेब, मासं तरी खरं काय सांगनार?"

उपायही त्यांचाच. टाकीत ताजं पाणी आणि औषध सतत ठिबकत राहील, अशा नळ्या त्यांनी जोडल्या. औषधाची बादली वर टांगली. खालच्या कॅनमधून छोटी मोटर ती भरत राही. जास्तीचं औषध काठावरून पुन्हा कॅनमध्ये पडे. "बादली काठोकाठ, तर थेंब सारखा," हे त्यांचं पालुपद.

एकदा ते यात्रेला गावी गेले. मी आत डोकावलो, बादली वाहताना दिसली आणि जन्माच्या सवयीनं हात बटणाकडे गेला. फोनवर बोलत मी तसाच बाहेर पडलो.

ते परतले तेव्हा सगळे मासे जिवंत होते. औषध निर्धोक, असं मी लिहायलाच घेतलं होतं. ते स्टुलावर चढले. "मासं वाचलं म्हनू नका साहेब. औषधच पोचलं न्हाई. बादली तळाला गेलीया. ही परीक्षा धरू नका."

त्यांनी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. प्रयोगशाळेच्या मालकांनी विचारलं, "मोटर कोण बघतं?"

"मी," ते म्हणाले. मी नोंदवही चाळत राहिलो. गावी जाताना ते मोटर लावायला विसरले, असं धरून त्याच आठवड्यात त्यांना घरी पाठवलं. जाताना एवढंच बोलले, "बटन आपोआप पडत न्हाई, राव."

गेल्या वर्षी ते वारले. मी राजुरीला जाऊन त्यांच्या मुलीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपेग? गावात आजून म्हनत्यात, आप्पा मोटर इसरले. तुमी लिवून द्या."

लिहून देतो. ते विसरले नव्हते. मोटर मी बंद केली होती.