मालकाले अडवते का?

कामिनी भैय्यालालजींच्या राईस मिलमध्ये कम्प्युटर सांभाळते. साकोलीत, हायवेला लागून. सांभाळते म्हणजे एकटीच. प्रिंटर अडकला की कामिनी, लाईन गेली की कामिनी. मागच्या साली व्हायरस घुसून सगळ्या फायली बंद पडल्या, तेव्हाही कामिनीच.

"तुह्याच्यानं चार कम्प्युटर सांभाळनं होत नाई!" मालक सगळ्या ऑफिससमोर बोलले. व्हायरस मालकांच्याच कम्प्युटरमधून आला होता. बक्षिसात फुकट गाडी लागल्याचा मेल त्यांनी मोठ्या हौसेनं उघडला होता. कामिनीला हे त्याच दिवशी कळलं. ती चूप बसली, आणि घरी जाऊन हमसून रडली. दुसरं काय करणार बिचारी?

यंदा मालक म्हणाले, "फायरवॉल घे. आता काही झालं तं घरीच बस."

फायरवॉल म्हणजे इंटरनेट आणि ऑफिस यांच्या मधात बसवायची पेटी. काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, हे ती पाहते. नागपूरहून तीन विकणारे आले, तीन पेट्यांचे रंगीत कागद ठेवून गेले. कामिनीला त्यातलं अर्धं कळलं. उरलेलं अर्धं विकणाऱ्यांनाही कळलं नसावं.

जेवताना तिनं वडिलांना विचारलं. लक्ष्मणराव तीस वर्षं गावतलावाचे पाणकर होते. ज्याची पाळी, त्याच्या धानाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम.

"पेटीचं मले काय समजते?" ते म्हणाले. "पाळी नसन तं सरपंचाचंही पानी अडवते का, येवढंच इचार."

दुसऱ्या दिवशी तिनं तिघांना फोन लावून तेच विचारलं. पेटी मालकाले अडवते का? पहिला घाईघाईनं म्हणाला, "छे छे मॅडम, सरांना सगळं खुलं!" दुसऱ्यानं वर चार कॉफीचे मगही कबूल केले. तिसरा ईश्वर नावाचा, जरा कंटाळलेला माणूस होता.

"सगळ्याच अडवतात," तो म्हणाला. "कोणाले सूट द्याची त्याची यादी असते. त्याच्यात मालकाचं नाव टाकू नका, झालं."

"यादी कोण भरते?"

"तुमीच."

घ्या! पेटी निवडायची होती, आणि मालकांना अडवायचं का, हा प्रश्न बाईच्याच छातीवर येऊन बसला. तिनं ईश्वरचीच पेटी घेतली. यादी कोरी ठेवली.

चौथ्या दिवशी मालक केबिनमधून तणतणत बाहेर आले. "बक्षिसाचं पान उघडून नाई राहिलं! या कंपनीचा मालक कोन आहे?"

"तुमीच जी."

"मंग मले काहून अडवून राहिली?"

सगळं ऑफिस मान खाली घालून ऐकत होतं.

"मागच्या साली तो व्हायरस तुमच्याच कम्प्युटरातून आला होता जी."

मालक हळूच म्हणाले, "तवाच काहून नाई सांगतलं?"

"घरी बसवसान म्हून भेव वाटलं."

"आन आता नाई वाटत?"

"आताही वाटते."

मालक केबिनमध्ये गेले. दिवसभर बाहेर आले नाहीत. सहा वाजता ती पर्स उचलून निघाली, तेव्हा केबिनचं दार थोडं उघडलं.

घरी लक्ष्मणराव ताटावर वाट पाहत होते. "अडवलं?"

"अडवलं."

"मंग? काय म्हनला?"

"उद्या टायमावर ये म्हने," कामिनी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

लक्ष्मणरावांनी तिच्या ताटात भात वाढला.