किरनापूरचा नर भुंगेरा

मुंग्यांच्या वारुळात राहणाऱ्या भुंगेऱ्यांची मी गेली काही वर्षं यादी करते आहे. बालाघाटच्या कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात, जिल्ह्याबाहेर न जाता. यादीतला एकतिसावा भुंगेरा भावाच्या किरनापूरच्या शेतात, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या वारुळात सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, तांबूस. मिशा मात्र सुपासारख्या पसरट. मुंग्या त्याला चाटत होत्या आणि तो निवांतपणे त्यांचीच पिल्लं खात होता.

नमुना तज्ज्ञांकडे पाठवला. त्यांनी कळवलं, "नवी जात असावी. पण ही मादी आहे. नर पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही."

मी वहिनीला फोन करून रविवारी येते म्हणून सांगितलं. डब्या, ब्रश, चाळणी, लेबलं, सामानाच्या यादीत सगळ्यांवर खुणा करून निघाले. पोचले तर वारुळाच्या जागी ओली राख, आणि शेजारी वहिनी खुशीत उभी.

"मागच्या खेपेले तुमाले लय चावल्या नं मुंग्या, बाई. म्हून सकाळीच राख टाकली, वरून गरम पाणी. आता बसा आरामात."

चूक माझीच होती. येते एवढंच सांगितलं, कशासाठी ते सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं, तशी ती म्हणाली, "पर सगळ्या नाही मेल्या. पिल्लं तोंडात धरून मोहाच्या झाडाकडं गेल्या. मी पाह्यलं नं."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं का?"

मोहाच्या मुळाशी आम्ही दोघी माती चाळत बसलो. माझ्या चाळणीत काहीच येईना. दुपार कलायला लागली तेव्हा वहिनी ओरडली, "हा पहा, सुपवाला!" चिमटा शोधायच्या आत तिने तो बोटांनी उचलला. भुंगेऱ्याने मागून चटका देणारा वायू सोडला.

"मेला माह्या बोटावर पादला नं बाई!"

बोटं पिवळी पडली, पण तिने त्याला सोडलं नाही. मी डबी पुढे केल्यावरच हात उघडला.

तो नर निघाला. तपासणी झाली, शोधनिबंध छापून आला आणि जात नवी ठरली. प्रत्येक नमुन्याखाली गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहितात. मादीखाली माझं आहे, नराखाली वहिनीचं.

लेबलाचा फोटो घेऊन मी किरनापूरला गेले. अक्षरं फार बारीक होती. वहिनीने माझं भिंग मागून घेतलं, एकेक अक्षर लावत नाव वाचलं आणि शेजारणीला हाक मारली.