नेमलेल्या पुस्तकाबाहेर

आमच्या गावच्या शाळामास्तरांनी मला चार वर्षे फसवले. माझा मुलगा वाचायला शिकला असे ते मला सांगत राहिले, आणि तो शिकला नव्हता. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर लोक म्हणतील, मिठागरवाल्याचे डोके तापट, तो होडीवाल्याशीही भांडतो. भांडतो. पण कारणाशिवाय नाही.

ठाण्यासमोर, खाडीच्या कळवा बाजूला आमचे गाव. बाराव्या वर्षी मी दुसऱ्याच्या आगरात मीठ ओढायला लागलो, आणि पस्तिशीत माझी स्वतःची मिठागरे होती. दाणा चिमटीत घेतला की कोणाच्या आगरातला ते मी सांगत असे. मुंबईच्या व्यापाऱ्यांना मला मापात फसवणे जमले नाही. कागदात मात्र कोणीही फसवले असते, कारण तेव्हा मला अक्षर येत नव्हते. म्हणून मुलाला शाळेत घातले.

घालतानाही मी सौदाच केला. मास्तरांना म्हणालो, "वर्षभरात पोराने पुस्तक घडाघडा वाचले पाहिजे. अडखळला तर काढून नेईन."

मास्तर हसले. "कबूल, शेठ."

आणि वर्षाच्या आत पोरगा ओटीवर बसून वाचू लागला. पान संपले की बोट ओले करून उलटायचा. येणारे-जाणारे गडी डोक्यावरची टोपली घेऊन तसेच उभे राहत. एकदाही तो अडखळला नाही. मीठ पारखणाऱ्या मला एवढे कळले नाही की ज्याला खरोखर वाचता येते तो कुठेतरी अडखळतोच.

तो दहा वर्षांचा झाला, तिसरीत गेला. एका दुपारी मीठखात्याचा शिपाई एक कागद देऊन गेला. माझे कागद वाचणारा कारकून गावाला गेला होता. ओटीवर माझा मेहुणा आणि शेजारचे दोघे बसले होते. मी तोऱ्यात हाक मारली, "ये रे, हे वाच."

पोराने कागद हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला. मग ताठ उभा राहून नेहमीच्या सुरात सुरू झाला, "एका गावात एक आळशी मुलगा राहत असे. त्याची आई त्यास नित्य उपदेश करी..."

मेहुणा खो-खो हसला. "दाजी, सरकार आता गोष्टी लिवाला लागलं का काय?"

मी पोराच्या कानशिलात मारली. तो रडला नाही. खाली बघून म्हणाला, "बा, मना नाय येत वाचाला. मास्तर म्हनतान, तसा आमी म्हनतो."

मागाहून सगळा प्रकार कळला. वर्षातून एकदा शाळाखात्याचे डिपोटी परीक्षेला येत. नेमलेल्या पुस्तकातले एखादे पान प्रत्येक मुलाकडून वाचून घेत, आणि जितकी मुले पास तितकी मास्तरांची बढती. म्हणून मास्तर वाक्य म्हणत, मुले मागून म्हणत, आणि कोणत्या शब्दावर पान उलटायचे तेही घोकत.

मी शाळेत गेलो आणि मास्तरांना नको ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही काय मागितले होते? अडखळता कामा नये. अडखळतो का?"

दुसऱ्या दिवशी मुलाला होडीत घालून ठाण्याच्या शाळेत नेले. तिथल्या हेडमास्तरांनी पाटीवर चार अक्षरे काढून विचारली. मुलाला दोन आली. ते म्हणाले, "बिगारीत बसवावा लागेल."

बिगारीत पाच-पाच वर्षांची पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवत होती. मी म्हणालो, "पहिलीत घ्या. घरी करून घेईन."

"घरी कोण करून घेणार? तुम्ही?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे घासाघीस करायला काही नव्हते.

परतताना मुलगा होडीच्या टोकाला बसला होता. "बा, मी मीठ ओढीन. पन त्या बारक्यांत नाय बसनार."

घरी बायको म्हणाली, "दहा वर्सांच्या घोड्याला तान्ह्या पोरांत बसवाल, तर सगला गाव हसंल."

"आणि नाही बसवला तर?"

ती चुलीतली लाकडे पुढे सारत राहिली. पुढचे दहा-बारा दिवस मी मुलाला रोज धक्क्यापर्यंत नेत होतो. होडी भरायची, सुटायची, आणि आम्ही दोघे काठावर. होडीवाला तेवढ्यात चेष्टा करी, "शेठ, खाडी मोजता काय रोज?" त्याच्या अंगावर मी धावून गेलो. पण पोराला उचलून होडीत टाकण्याची हिंमत मला झाली नाही.

तेवढ्यात डिपोटी येणार असे समजले, आणि मला वाट दिसली. मुलाला वाचता येत नाही असे खुद्द डिपोटींनीच म्हटले, तर मास्तरांना त्याला इथेच नव्याने शिकवावे लागेल. ठाणे नको, बिगारी नको. त्याचे नाव अजून इथल्या पटावर होते; त्याला आणि मीठखात्याचा तो कागद घेऊन मी परीक्षेच्या दिवशी शाळेत शिरलो.

"साहेब, याच्याकडून हे वाचून घ्या."

"आपण कोण?"

"याचा बाप."

मास्तरांचा चेहरा मीठ फासल्यासारखा पांढरा पडला. डिपोटींनी कागद न उघडताच मला परत दिला. "नेमलेल्या पुस्तकाबाहेर विचारायचे नसते." आणि त्यांनी मुलाच्या हातात पुस्तक दिले.

पोराने एकदा माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याला मी अजून घाबरतो. मग त्याने आळशी मुलाची सगळी गोष्ट म्हटली, जागच्या जागी पान उलटले, कुठेही अडखळला नाही. डिपोटी "शाबास" म्हणाले आणि वहीत लिहून घेतले.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी पास हाय. आता ठान्याला नाय येनार." सरकारने पास केलेल्या मुलाला बिगारीत बस असे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? तो पुन्हा कोणत्याच शाळेत गेला नाही.

आज तो माझ्या आगरात उभा राहतो, कामाला वाघ आहे, आणि कागदावर अंगठा उठवतो. मी चाळिशी उलटल्यावर माझे कागद वाचणाऱ्या कारकुनाकडून अक्षर शिकून घेतले. मुलाला म्हणालो, माझ्या शेजारी बस. बसला नाही.

मास्तरांनी निदान माझ्याशी केलेला सौदा पाळला. डिपोटीसाहेब, तुम्ही कोणता पाळलात? तो कागद तुमच्या हातात होता. उघडला असता तर माझा मुलगा त्या दिवशी नापास झाला असता आणि आज वाचत असता. तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे काय लिहिलेत, ते मला लेखी कळवा. आता मला वाचता येते.