बॅटरीवाल्या वहिनी

नागोठण्याच्या नाक्यावर बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या वहिनी टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुताना बॅटरीलाच विचारतात, "दमलीस गो?" घाई त्यांना खपत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी जोह्याच्या मूर्तिशाळेतून गणपती भरून रोह्याला निघालो होतो. त्यांच्या दारापाशी चहाला थांबलो आणि पिकअप पुन्हा सुरूच होईना.

"बॅटरी लवकर चार्ज होईल ना?" मी विचारलं.

"नाय. सावकाश भरली तरच टिकंल," म्हणत त्यांनी स्वतःच्या पिकअपची बॅटरी काढून माझ्या गाडीत बसवली. "जा, लोक वाट बघत असतील."

मूर्ती पोचवून संध्याकाळी परतलो, तर वहिनी आपल्या घरचा गणपती पाटावर घेऊन चालत येत होत्या. मी चटकन गाडी थांबवली.

"इंजिन चालूच ठेव, बॅटरी भरू दे," त्या हसून म्हणाल्या आणि गणपतीसकट माझ्या शेजारी बसल्या.