दुपारी अडकणारं पान

राज्य नवं होतं आणि सरकारी खाती भाड्याच्या बंगल्यांत थाटली होती. आमचं हिंदी मुलखातल्या त्या नव्या राजधानीच्या शंकर नगरात. संचालक बेडरूममध्ये बसायचे आणि तिला चेंबर म्हणायचे. या गृहस्थांना संगणकातलं एवढंच कळायचं की पडद्यावर सतत काहीतरी हललं पाहिजे. म्हणून मी त्यांना एक वेब पेज करून दिलं: आलेल्या अर्जांची यादी, दर दहा सेकंदांनी आपोआप ताजी होणारी. पाहुणा आला की त्याला त्या पडद्यापुढे उभं केलं जायचं.

दुपारपर्यंत पेज जड व्हायचं, माउस सरकेना, मग सगळंच ठप्प. साहेबांनी तपासाआधीच निकाल दिला: ऑपरेटर बाई गाणी लावते, पत्ते खेळते. बाई त्याच शहरातल्या गुढियारी वस्तीत राहायच्या, मूळच्या वर्ध्याकडच्या. नोकरी करारावरची, नवरा आजारी, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

"भैया, मी दुसरं काईच उघडून नाई ठेवत," त्या मला म्हणाल्या. "ज्या दिवशी अर्ज जास्त येते, त्या दिवशी लवकर अटकते. कमी असले तं संध्याकाळपर्यंत चालते. एक बार पाहून तं घ्या."

मी हसलो. मी नागपुरात शिकलेला इंजिनिअर, आणि टायपिंगच्या परीक्षेवर लागलेली बाई मला अक्कल शिकवणार! स्वतःचा कोड उघडून पाहणं मला कमीपणाचं वाटलं. साहेबांनी अहवाल मागितला तेव्हा मी लिहिलं: सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, हाताळणीत निष्काळजीपणा संभवतो. 'संभवतो' लिहिलं म्हणून मी स्वतःला न्यायीही समजलो. महिनाअखेर बाईंचा करार संपला, तो वाढवला गेला नाही.

सोमवारी त्यांच्या जागी मलाच बसावं लागलं. दुसरी एकही खिडकी उघडी नव्हती. अर्जांची झुंबड होती, आणि बारा वाजायच्या आत पेज माझ्या डोळ्यांदेखत अडकलं. तेव्हा कुठे मी कोड उघडला. यादी ताजी होताना जुन्या ओळी पडद्यावरून जात होत्या, पण प्रत्येक ओळीला मी क्लिक ओळखणारं एक फंक्शन बांधलं होतं आणि ते सोडवायला विसरलो होतो. त्यामुळे ब्राउझर एकही जुनी ओळ मेमरीतून काढून टाकत नव्हता. जितके अर्ज जास्त, तितका ढीग मोठा. बाईंनी नेमकं हेच सांगितलं होतं. कोडमध्ये दोन ओळी घातल्या, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं.

संध्याकाळी साहेब पडद्यापुढे येऊन उभे राहिले. यादी सुरळीत हलत होती.

"देखा? मैडम गई और मशीन सुधर गई."

त्या बिनडोक माणसाची मला किळस आली. स्वतःची त्याहून जास्त आली, तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "जी सर."