गिरजाकाकूंचे जुने भाडेकरू

गिरजाकाकू माझ्या खोलीत येताना दार कधीच वाजवायच्या नाहीत. मी केस पुसत असो, पेपर तपासत असो, नाहीतर पाय पसरून शेंगदाणे खात असो. पडदा सारायचा आणि थेट आत. पण मेहंदीच्या झुडपात हात घालायचा झाला की आधी काठी. दोनदा जमिनीवर, एकदा बुंध्यावर, आणि मग बाहेरच थांबून अगदी अदबीनं, "सरका बाबू जरासे, मी आली." ज्याला सरकायचं त्याला पुरेसा वेळ देऊन मग बाई पानं तोडायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "काकू, झुडपाला विचारता, मग मला का नाही?" तर म्हणाल्या, "तू चावते काय?"

काकू माझ्या घरमालकीण. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला मी आले, तेव्हा हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यांच्या घराची एक खोली मला मिळाली. माझं लहानपण तुमसरला, राईस मिलच्या मागच्या गल्लीत गेलेलं. तिथं सगळं सिमेंट. हिरवं म्हणजे आमची डब्यातली तुळस. साप मी पाहिला होता तो फळ्यावर, अन्नसाखळीत बेडकाच्या पुढे काढायचा तेवढाच. आणि तो मी फार सुबक काढते, हेही सांगून ठेवते.

पहिल्याच दिवशी चहा झाल्यावर काकूंनी मला घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, नेलं. मला वाटलं, नळ दाखवतील, कपडे वाळत घालायची दोरी दाखवतील. त्यांनी काठीनं कुंपण दाखवलं. छातीएवढी उंच मेहंदी, तिच्यावर गुळवेल चढलेली, आणि बुडाशी इतकी दाट की पलीकडे शेजारच्या कवडूभाऊंचा बैल बांधलेला असे तो दिसतसुद्धा नसे.

"ही माई वई. हिच्यात धामण रायते. तुयाहून आधीची हाय. दिवसभर बुडाशी पाचोळ्यात पडते, उंदरामागं जाते, फिरून इथंच येते." मग बोगनवेलीकडे वळून, "याच्यात हरणटोळ. हिरवागार. तुले नाही दिसणार, पण तो तुले पाहून राहिला." न्हाणीच्या सांडपाण्यावर धोपा, म्हणजे आपलं अळू, माजलं होतं, त्याच्या पानांखाली ढोंड्या, म्हणजे पाण्यातला दिवड. शेवटी तणसीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आला. तिकडे त्यांनी नुसतीच काठी केली आणि पुढे चालू लागल्या.

"तिथं कोण असतं?" मी त्यांच्या मागे धावत विचारलं.

"तिथं हात घालाचा नाही, बस."

पिशवी उचलावी आणि सरळ बसस्टँड गाठावा असं मनात आलं होतं. पण दुसरी खोली मिळत नव्हती आणि सोमवारी शाळा होती. राहिले.

काकू भाविक होत्या म्हणून सापांना जपायच्या, असं कुणाला वाटेल तर ते साफ चूक. नागपंचमीला कुणी दूध घेऊन आलं की त्या म्हणायच्या, "ठेव तिथं. साप नाही पेत, मी चहात टाकतो." नाग दिसला तर चार पावलं मागे सरून मला भंडाऱ्याच्या सर्पमित्राला फोन लावायला सांगायच्या, आणि तो येईपर्यंत गल्लीतल्या कुणाला जागचं हलू द्यायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. "वरून घार, खालून मुंगूस, अन् मधात माणूस. तो बिचारा जाईन कुठी? त्याले चार काड्यायचा आडोसा लागते. आडोसा भेटला का तो तुया वाटी नाही जात."

माझ्या एका सहकारी बाईंनी सांगितलं होतं की रातराणीच्या वासानं साप येतात. मी ते काकूंना ऐकवलं. "काहून? त्यायले गजरा माळाचा हाय काय?" काकू म्हणाल्या. "झाड दाट असलं, खाली गारवा असला, बेडूक-पाली असल्या, तं येते. तू गुलाबाची गर्दी कर, तिथं बी येईन." एकदा मेहंदीच्या दोन बुंध्यांमधून ओढून काढल्यासारखी लांबलचक कात त्यांनी मला दाखवली. "अंगातला सदरा काढाले बी त्याले खडबडीत काटकी लागते. गुळगुळीत भिंतीवर घासून निघते काय?" आठवीच्या पुस्तकात हे नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात ते माझंच निरीक्षण म्हणून सांगितलं.

आमची भांडणंही होत. सापावरून कमी, न्हाणीवरून जास्त. न्हाणी धुणं हे काम मला जन्मात आवडलं नाही. काकू पडदा सारून यायच्या आणि सुरू व्हायच्या, "मास्तरीनबाई, पोरायले स्वच्छता शिकवते अन् तुयी न्हाणी पाय! त्या शेवाळावर आता धान लावतो मी." मी तोंड फुगवून दोन बादल्या पाणी ओतायची. की झालं.

आता हे व्यक्तिचित्र काकूंचं असलं तरी इथं मला माझं काळं तोंड थोडं दाखवणं भाग आहे.

पाचव्या वर्षी, धान निसवायच्या दिवसांत, काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पंधरा दिवस त्या नागपूरला मुलाकडे, अरुणभाऊंकडे राहिल्या. चार वर्षं मी त्या सांदवाडीत जीव मुठीत धरून कपडे वाळत घातले होते. घर रिकामं झालं आणि माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. मी अरुणभाऊंना फोन केला. "भाऊ, आईंना आता नीट दिसणार नाही, आणि त्या वईत हात घालतात. उद्या काही झालं म्हणजे?" काकूंची काळजी मला होतीच, नाही असं नाही. पण त्या काळजीआड माझी भीती अगदी आरामात लपली होती.

अरुणभाऊ रविवारी दोन मजूर घेऊन आले. दुपारपर्यंत वई जमीनदोस्त. दिवाळीनंतर तिथं सिमेंटची भिंत घालायची ठरलं. आता आमच्याकडे तोडलेली काटकी कुणी फेकत नाही. जळतण म्हणून मागच्या भिंतीला रचून ठेवतात. आम्हीही तेच केलं. मेहंदीच्या साऱ्या फांद्या, गुळवेल, वर ती तणीस, सगळं माझ्या न्हाणीच्या भिंतीला लावून माणूसभर उंच रचलं. अरुणभाऊ गेले. मी त्या बोडक्या सांदवाडीत संध्याकाळी अनवाणी फिरले, जणू मालकीण मीच.

चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेले तर बादलीमागे वेटोळं. "नाग! नाग!" मी जी किंचाळले ती हायवेपर्यंत ऐकू गेली असेल. कवडूभाऊ काठी घेऊन धावत आले आणि तीन घावांत काम संपलं. मग त्यांनी ते अंगणात लांब पसरून पाहिलं. पिवळसर तपकिरी, माझ्याहून लांब.

"मॅडम, हा नाग नोय," ते ओशाळून म्हणाले. "धामण हाय. काकूची."

विषारी आणि बिनविषारी साप हा धडा मी दरवर्षी शिकवते. आकृतीसह. तिचं घर मी तोडलं, तोडून तेच घर माझ्या न्हाणीला टेकवून पुन्हा बांधलं, आणि ती घरी आली म्हणून तिला मारायला लावलं. त्या दिवशी मी दुकानातून फिनाइलची बाटली आणली आणि न्हाणी तीनदा घासून धुतली. तरी डोळ्यांपुढून ते जाईना. अरुणभाऊंना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आईला आत्ताच सांगू नका, डोळ्यावर ताण येईल." मला तेच हवं होतं.

काकू काळा चष्मा लावून परतल्या. सांदवाडीत जाऊन त्यांनी वईच्या जागी काठी टेकून पाहिली. "कोनं केलं हे?" अरुणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी बोगनवेलीकडे. मग मीच म्हटलं, "मी सांगितलं, काकू." आता गल्ली गोळा होईल या तयारीनं मी मान खाली घातली. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. एरवी डाळ करपली तरी ओरडणारी बाई ती. तिचं ते "बरं" माझ्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा सारून त्या आत आल्या. "ऊठ. तो ढीग हालवाचा हाय." भिंतीला लावलेली फांदीन् फांदी आम्ही दूरच्या कोपऱ्यात नेली. आधी काठी आपटायची, थांबायचं, मग एक फांदी उचलायची. असे चार दिवस गेले. "घराले लागून ढीग करते काय कोनी? मुद्दाम त्यायले घरात बोलावणं झालं नं हे," एवढंच त्या बोलल्या. त्यातल्या बोटभर जाडीच्या हिरव्या काड्या त्यांनी निवडून काढल्या आणि जुन्या वईच्या जागी ओळीनं खोचल्या. अरुणभाऊंना फोनवर सांगितलं, "भिंत मी मेल्यावर घाल."

आणि मग सुरू झालं ते रोजचं विचारणं. मी शाळेतून आले की खाटेवरून हाक यायची, "मास्तरीन, आली का वं?"

कोण, ते विचारायची गरज नव्हती. "नाही, काकू," मी म्हणायची आणि खोलीत पळायची. ऑपरेशन होऊनही त्यांना सांदवाडीच्या टोकापर्यंतचं धड दिसत नसे, म्हणून ही पहाऱ्याची नोकरी माझ्याकडे आली होती. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मेहंदीला पालवी फुटली, ती गुडघ्याला लागली. रोज "आली का वं?" आणि रोज "नाही, काकू." कधी त्या स्वतःच हसायच्या. "एवढ्याशा वईत तिचं शेपूट बी नाही मावणार, अन् मी पुसून राहिली." मी हसायची नाही. ती कधीच येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. दीड वर्ष मी त्या एका प्रश्नानं आतून सोलवटून निघाले.

दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. जेवण तुटलं. एका संध्याकाळी मी पेज घेऊन गेले, तर अगदी बारीक आवाजात तेच, "आली का वं?" मला वाटलं, जाऊ दे, निदान समाधानानं झोपतील.

"आली, काकू," मी म्हटलं. "आजच पाहिली. वईत होती."

काकू हसल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाठ चोळली. "खोटी कुठची! ती तं मेली. कवडूनं मारली, तुया न्हाणीत."

मी पेजेची वाटी खाली ठेवली. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"कोनं सांगाले पाहिजे? नागपूरहून आली त्या दिवशी तुया न्हाणीतून फिनाइलचा वास येऊन राहिला होता. चार वर्षांत तू कधी न्हाणी धुतली काय? मी तवाच समजली, इथं काहीतरी मेलं. अन् कवडू माया समोर येईना, तं कोनं मारलं ते बी समजलं."

"मग रोज का विचारत होता मला?" मी रडत रडत, खरं म्हणजे चिडूनच विचारलं.

"मी तिचं नोती पुसत. दुसरीचं पुसत होती. जागा असली का कोनी ना कोनी येते. तू नाही आली काय?" त्यांनी माझा हात थोपटला. "रडू नोको आता. रडण्यापरीस न्हाणी धू."

आठ दिवसांनी काकू गेल्या. तेरवी झाल्यावर अरुणभाऊ मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही रहा खुशाल. पण पावसाळ्यात एकदा मिस्त्री आणून भिंतीचं माप घेऊन टाकतो." घर त्यांचं, मी काय बोलणार.

श्रावणात शाळेतल्या मुलींना राखीसाठी मेहंदी हवी होती. मी काकूंची काठी घेऊन वईपाशी गेले. आता ती माझ्या कमरेला लागत होती, बुडाशी पाचोळा साचला होता, गुळवेलही कुठूनशी परत आली होती. दोनदा जमिनीवर, एकदा बुंध्यावर. थांबले. फांदी बाजूला केली तर दोन बुंध्यांच्या बेचक्यात अडकलेली कात. ताजी, ओलसर, माझ्या हातात मावेना एवढी लांब.

रविवारी अरुणभाऊ मिस्त्रीला घेऊन आले. दोरी लावायला ते वईत वाकणार तेवढ्यात मी म्हटलं, "भाऊ, काठी." आणि कात दाखवली. पन्नाशीचा तो माणूस पटकन दोन पावलं मागे सरला. माझ्या हातून काठी घेतली. दोनदा जमिनीवर, एकदा बुंध्यावर, आणि तोंडातून आपोआप, "सरका बाबू जरासे." मिस्त्री आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.  मग अरुणभाऊंनी माप न घेताच दोरी गुंडाळून मिस्त्रीच्या हातात दिली आणि त्याला चहा प्यायला नेलं.

ते गेल्यावर मी काकूंच्या खोलीपाशी आले. दार न वाजवता आत शिरले. खाट भिंतीला लावून ठेवली होती.

"काकू, आली," मी मोठ्यानं सांगितलं. "खरंच आली. दुसरी."

आणि मग तिथंच जमिनीवर बसून पोटभर रडले.